हॉर्सीच्या किनाऱ्यावरचा नोव्हेंबर

ऑक्टोबर संपत आला की आमच्या ईडन प्रेरीत लोक तळ्यातले लाकडी धक्के काढून घेतात. उन्हाळाभर ज्यांच्या टोकाला पाय सोडून मुलं बसलेली असतात, ते धक्के एखाद्या शनिवारी तुकड्यातुकड्यांनी काठावरच्या गवतात येऊन पडतात. बोटींवर पांढरी प्लास्टिकं चढतात. झाडं रिकामी होतात आणि पलीकडच्या काठावरची घरं, जी उन्हाळ्यात दिसतही नाहीत, एकदम समोर येऊन उभी राहतात. मिनेसोटातला हिवाळा अजून आलेला नसतो, पण सगळ्यांनी त्याला जागा करून दिलेली असते.

या दिवसांत ऑफिसमधून परतताना मी तळ्याकाठी गाडी थांबवते आणि काच खाली करते. ओल्या पानांचा आणि चिखलाचा वास आत येतो. चांगला वास असतो. पण नाकाला त्यात काहीतरी कमी लागतं, आणि दरवर्षी थोड्या वेळाने लक्षात येतं की मीठ नाही. इथून कुठल्याही दिशेला गाडी काढली तरी समुद्र यायला दिवसच्या दिवस जातील. तरीही नोव्हेंबर लागला की माझ्या अंगाला खारा वारा लागतो. तो इथला नसतो. इंग्लंडच्या पूर्वेला, समुद्रात पोट काढून बसलेली नॉर्फोक नावाची काउंटी आहे, आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याएवढी. तिथला असतो. तिथे आम्ही एक पानगळ काढली. आम्ही म्हणजे मी आणि अमेय. तेव्हा आमचं लग्न शाबूत होतं.

त्या वर्षी मे महिन्यात आमची मुलगी गेली. मला आठवा महिना चालू होता. ती आली ती गेलेलीच आली. मिनियापोलिसच्या हॉस्पिटलमधल्या नर्सने तिला पिवळं विणलेलं टोपरं घातलं आणि माझ्या हातात दिलं. नाक अमेयसारखं होतं. अमेय खिडकीकडे तोंड करून उभा होता. खिडकीबाहेर पार्किंग लॉट होता आणि त्यात गाड्या होत्या. तो काय बघत होता, मला माहीत नाही. मी म्हटलं, "अमेय, घे ना तिला." तो वळला, आला, त्याने तिला घेतलं, आणि परत माझ्याकडे दिलं. एखादी नाजूक वस्तू आपल्या हातून फुटेल अशी भीती वाटावी तसं.

नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं. बारशाआधी सांगत नाहीत ना आपल्याकडे. मग सांगायची वेळच आली नाही. दोन्ही घरांतून फोन यायचे आणि दोन्हीकडून एकच वाक्य यायचं, अजून वय आहे तुमचं. ती माणसं प्रेमानेच म्हणत होती. मी "हो" म्हणायचे. अमेय फोन माझ्याकडे द्यायचा. तो लवकरच ऑफिसला जायला लागला, भाजी आणायचा, गवत कापायचा, सगळं करायचा. बोलायचा मात्र नाही. घरात डिशवॉशरचा तेवढा आवाज असायचा.

ऑगस्टच्या शेवटी एकदा जेवताना तो म्हणाला, "बॉस विचारतोय, नॉरविचला जाशील का म्हणून. एका विमा कंपनीचं काम आहे. ख्रिसमसपर्यंत."

"नॉरविच कुठे आलं?"

"इंग्लंडमध्ये. कोपऱ्यात कुठेतरी. मी नाही म्हणणार होतो, तुझी सुट्टी वगैरे…"

"जाऊया," मी म्हटलं. पुढे काहीच विचारलं नाही. कुठलीही दुसरी खिडकी चालली असती मला.

*

त्या गावाला नॉरविच म्हणत नाहीत, नॉरिच म्हणतात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सुमनकाकूंनी सांगितलं. सुमनकाकू मूळच्या मिरजेच्या. तरुणपणी इंग्लंडला आल्या, डोळ्यांच्या डॉक्टर म्हणून निवृत्त झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अमेयच्या ऑफिसमधल्या कुणाच्या तरी ओळखीने त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हाला राहायला मिळाला. पांढरे कापलेले केस, गळ्यात दुर्बीण, आणि बोलणं असं की चाळीस-पन्नास वर्षं त्या मिरजेच्या बाहेर पडल्याच नसाव्यात.

"इथं लिहितात एक आणि म्हणतात भलतंच," त्या म्हणाल्या. "ती पाटी दिसली? वायमंडहॅम वाचलंत ना? विंडम म्हणायचं. आणि ते पुढचं हॅपिसबर्ग नाही, हेझब्रा. अर्धी अक्षरं समुद्राने खाल्लीत, असं आमचे हे म्हणायचे."

शनिवार उजाडला की काकू जिन्याखालून हाक मारायच्या, "सुट्टीच्या दिवशी घरात बसलेली माणसं मला बघवत नाहीत. बूट घाला." मग त्यांची लाल छोटी गाडी दोन्ही बाजूंना उंच हिरवी कुंपणं असलेल्या, एकच वाहन मावेल अशा रस्त्यांवरून निघायची. समोरून ट्रॅक्टर आला की काकू त्याच्याकडे अशा बघायच्या की तोच मागे जायचा.

त्या प्रदेशात डोंगर नाही. आभाळच सगळीकडे. नांगरलेली शेतं, त्यात कान टवकारून बसलेले ससे, काळ्या-करड्या चकमकीच्या दगडांची घरं, आणि थोड्या थोड्या अंतरावर गोल मनोऱ्याचं एखादं जुनं चर्च, ज्याच्या आसपास आता गावच उरलेलं नाही. वळणावर पवनचक्की. लव्हाळ्यांतून अचानक एखादं शीड सरकताना दिसायचं. खालचं पाणी दिसत नाही, त्यामुळे बोट शेतातून चालल्यासारखी वाटायची.

आणि रस्त्याच्या कडेला चिखलाने माखलेल्या कंदांचे ढीग. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी विचारलं, "काकू, हे काय?"

"शुगर बीट. साखरेचं. आता कारखाना सुरू झाला की ट्रक लागतील बघ ओळीने."

मला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझे बाबा इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. पानगळ वगैरे मला लहानपणी ठाऊक नव्हती. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू व्हायचा आणि अंगणात, दप्तरात, बाबांच्या शर्टात मळीचा आंबूस गोड वास भरून राहायचा, तेवढा ऋतू मला कळायचा. इतक्या लांब, धुक्याच्या देशात, कुणीतरी पुन्हा म्हणत होतं, कारखाना सुरू झाला की. मी मागच्या सीटवरून अमेयला ते सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. "तुझ्या बाबांना फोटो पाठव," म्हणाला. मे महिन्यानंतर त्याने मला आपणहून सुचवलेली ती पहिली गोष्ट होती.

अमेय हर्णैचा. समुद्राकाठी वाढलेला, होड्यांच्या आवाजाने उठलेला मुलगा. अमेरिकेत इतकी वर्षं तो तळ्यांना "पाणी" म्हणायचा, त्यापेक्षा मोठा शब्द द्यायचा नाही. नॉर्फोकचा समुद्र करडा, उथळ आणि गारठलेला होता, पण अमेय त्याच्या जवळ गेला की चालण्यात फरक पडायचा. क्रोमर नावाच्या गावात होड्यांना धक्का नाही. ट्रॅक्टर सरळ लाटांत शिरतो आणि होडीला ओढून वाळूवर आणतो. तो ते बघत असा उभा राहिला की त्याला हात धरून आणावं लागलं. तिथल्या कुर्ल्या प्रसिद्ध. काकूंनी मागवल्या. पाव, व्हिनेगर, वर थोडी मिरपूड.

अमेयने एक घास घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काकू, एवढ्या सुंदर कुर्लीचं यांनी हे केलं? माझी आई बघेल तर सुतक पाळेल."

काकू हसून हसून लाल झाल्या. मीही हसले. हसता हसता त्याला जाणवलं की आपण काय शब्द वापरला. तो एकदम पावाकडे बघायला लागला. मी टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्याने तो तिथे राहू दिला.

एकदा तो म्हणाला, "इथे सूर्य उलटा आहे यार. सकाळी समुद्रातून वर येतो. मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं होतं." काकूंनी ते लक्षात ठेवलं. पुढच्या शनिवारी त्या आम्हाला काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाला हन्स्टंटनला घेऊन गेल्या. तिथे किनारा वळतो आणि पश्चिमेला तोंड करतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा कडा, बर्फीसारखा थरांचा, आणि समोर समुद्रात बुडणारा सूर्य. "घे," काकू म्हणाल्या. "तुझा सूर्य." अमेय उतरला. आम्ही गाडीत बसून राहिलो आणि तो अंधार पडेपर्यंत वाळूवर उभा होता. त्याचे खांदे मला मागून दिसत होते. मी उतरले नाही. काही वेळा माणसाला मागून बघणं पुरेसं असतं.

आणि खाजण. उत्तर किनाऱ्यावर ब्लेकनीच्या बाजूला समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये मैलभर रुंद चिखलाचा, खाऱ्या झुडपांचा, वळत जाणाऱ्या पाण्याचा पट्टा आहे. ओहोटीला सगळ्या होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या असतात. तिथली एक बारीक वनस्पती पानगळीत लालभडक होते, त्यामुळे लांबून वाटतं की चिखलावर कुणी कुंकू सांडलंय. अमेय ओरडलाच, "अगं, खाजण आहे हे! आपलं खाजण!" मग तो मला दाखवत सुटला. पाणी कुठून येईल, कुठली वाट आधी बुडेल, पाय कुठे ठेवायचा. माझा हात धरून त्याने मला चिखलातल्या त्या वाटांवरून नेलं. आम्ही दोघं आता एवढंच करतोय, असं मला वाटलं. पाय ठेवायची जागा शोधतोय. पण ते मी बोलले नाही. त्याला दुसरंच काही सापडलं होतं आणि ते मोडायचं नव्हतं मला.

संध्याकाळी होलकमच्या माळावर गीज, म्हणजे रानहंस, उतरायचे. हजारो. आइसलँडहून येतात, काकू म्हणाल्या, शेतात उरलेला बीटचा पाला खायला. आधी लांबून कुजबुज यायची, मग गलका, मग आभाळाच्या कडेवरून रेघांमागून रेघा. काकू दुर्बीण माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "जोड्या बघ. मधेमधे पिल्लं असतात याच वर्षीची. आईबाप सोबत घेऊन येतात पहिल्या खेपेला." मी दुर्बीण डोळ्यांना लावून धरायचे, आणि काही बघायचे नाही.

काकूंना माहीत नव्हतं. आम्ही सांगितलंच नव्हतं.

*

नोव्हेंबरच्या शेवटाकडे एका शनिवारी काकू म्हणाल्या, "आज हॉर्सीला. बाळं बघायला. या दिवसांत सील किनाऱ्यावर येऊन वितात. पांढरी पांढरी बाळं, इतकी गोड, मुक्ता, तू वेडी होशील."

मी बुटाची नाडी बांधत होते. अमेयने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत "कॅन्सल करू का" असा प्रश्न होता. मी मान हलवली. कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? त्या इतक्या आनंदात होत्या, डब्यात थालीपीठ घेऊन निघालेल्या.

हॉर्सीला गाडी लावून शेतातून चालत जावं लागतं. समोर वाळूच्या टेकड्यांची रांग, तिच्यावर वाळलेलं उंच गवत. पलीकडचं काही दिसत नाही. पण आवाज आधी येतो. मी वाटेतच थांबले. टेकडीच्या पलीकडे तान्ही बाळं रडत होती. एक नाही, अनेक. वाऱ्याबरोबर तो आवाज यायचा आणि जायचा. काकू पुढे होत्या. अमेयने मागून माझ्या कोटाची बाही धरली.

"परत जाऊया, मुक्ता. मी काकूंना सांगतो काहीतरी."

"नको," मी म्हटलं. "आलोय तर बघू."

टेकडीच्या माथ्यावर दोर बांधलेला होता. त्याच्या पुढे माणसांनी जायचं नाही. खाली सगळा किनारा भरलेला. करड्या, ठिपक्यांच्या, जाड अंगाच्या माद्या आणि त्यांच्या कुशीला पिवळट पांढऱ्या लोकरीची पिल्लं. काळेभोर ओले डोळे. ती पोटावर सरकत आईला शोधत होती, तोंड वर करून रडत होती. आया कूस वळवून त्यांना पाजत होत्या. वाऱ्याला मासळीचा, दुधाचा, ओल्या लोकरीचा वास होता.

दोराजवळ भगव्या जॅकेटातले एक म्हातारे गृहस्थ उभे होते, लोकांना माहिती सांगणारे स्वयंसेवक. ते सांगत होते की आई जेमतेम तीन आठवडे पाजते. दूध श्रीखंडाएवढं घट्ट असतं. ते त्यांचे शब्द नव्हते, काकूंनी माझ्या कानात मराठी केलं. तेवढ्या दिवसांत ती स्वतः काही खात नाही, वाळत जाते, आणि मग एक दिवस समुद्रात निघून जाते. पिल्लू एकटं राहतं. भूक लागली की आपलं आपण पाण्यात उतरतं.

मग मला ती दिसली. बाकीच्यांपासून जरा बाजूला, भरतीच्या रेषेपाशी एक मादी पडलेली होती. तिच्यापुढे तिचं पिल्लू. ते हलत नव्हतं. त्याची लोकर ओली होऊन अंगाला चिकटली होती. एक सीगल पक्षी चालत चालत जवळ आला तशी तिने मान उचलली आणि अशी काही फुत्कारली की तो उडाला. मग तिने पुन्हा मान पिल्लाशेजारी वाळूवर टेकली.

आमच्या बाजूच्या एका बाईंनी विचारलं, "ते उचलून का नेत नाही कुणी? तिला त्रास होतोय."

म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्ही मध्ये पडत नाही. परवापासून आहे ती इथे. तिचं झालं की ती जाईल."

"कधी होतं?" हे अमेयने विचारलं. इंग्रजीत, अगदी नीट, एखाद्या मीटिंगमध्ये विचारावं तसं.

त्यांनी अमेयकडे जरा वेळ पाहिलं. "ते तिलाच माहीत, बाबा. काही जातात लगेच. काही राहतात."

अमेय "थँक यू" म्हणाला. मग तो तिथेच, गवतात, खाली बसला. आधी मला वाटलं पाय घसरला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्याच्या घशातून जो आवाज येत होता तो मी आमच्या लग्नाच्या एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता. लोक वळून बघत होते आणि मग सौजन्याने समुद्राकडे बघायला लागत होते. मी त्याच्या शेजारी बसले. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. तो म्हणत होता, "मी तिला नीट घेतलं नाही. मुक्ता, मी तिला नीट बघितलंपण नाही."

"तुझं नाक होतं तिला," मी म्हटलं. "मी बघितलं. सगळं बघितलं. सांगते तुला."

आणि त्या गवतात, कोट भिजत असताना, मी त्याला सांगितलं. तिच्या भुवया कशा होत्या. तिच्या उजव्या हाताची मूठ कशी मिटलेली होती. नखं वाढलेली होती थोडी. केस पुष्कळ होते, टोपऱ्याखालून कपाळावर आलेले. तो ऐकत होता आणि दर वाक्याला मान हलवत होता.

काकू कुठे होत्या, ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की बऱ्याच वेळाने वर पाहिलं तर त्या आमच्या आणि वाऱ्याच्या मध्ये, आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी गाडी सुरू केली नाही. थर्मासमधला चहा तिघांना ओतला. काचांवर वाफ धरली. मला भीती होती की आता त्या माफी मागतील, किंवा ते वाक्य म्हणतील, वयाचं. त्या आरशातून मागे बघत एवढंच म्हणाल्या, "नाव काय ठेवलं होतंत?"

तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मी अमेयकडे पाहिलं. तो चहाच्या कपाकडे बघत होता.

"सई," तो म्हणाला.

"सई," काकू म्हणाल्या. "छान आहे." आणि त्यांनी गाडी सुरू केली.

*

त्यानंतरचे दिवस मला वेगळे आठवतात. एकमेकांना चिकटलेले, मऊ. आम्ही बोलायला लागलो. सईबद्दल बोलायचो, आणि मग बाकीच्याही गोष्टी बोलता यायला लागल्या. नॉरिचच्या बाजारात पट्ट्यापट्ट्यांच्या छपरांखाली उभं राहून गरम चिप्स खायचो. हेझब्राला गेलो, जिथे जमीन दर पावसाळी वादळात थोडी थोडी समुद्रात पडते. रस्ता सरळ जातो आणि हवेत संपतो. कड्यापासून पहिलं जे घर उरलं होतं त्याच्या परसात एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती. आम्ही तिला हात केला, तिने चिमटा तोंडात धरून आम्हाला हात केला. अमेय म्हणाला, "हिला माहीत असेल ना?" मी म्हटलं, "असणारच. पण धुणं तर वाळायला हवं."

हॉर्सीला आम्ही पुन्हा गेलो, या वेळी दोघंच, बसने आणि पायी. मधे वादळ होऊन गेलं होतं. भरतीच्या रेषेपाशी वाळू सपाट झाली होती. ती मादी नव्हती, पिल्लू नव्हतं. भगव्या जॅकेटातले गृहस्थही नव्हते की विचारावं. मोठी झालेली पिल्लं, लोकर गळून करडी पडलेली, एकटी पडून होती आणि समुद्राकडे बघत होती. आम्ही गार पडेपर्यंत थांबलो.

परत येताना अमेय म्हणाला, "इथेच राहू या का? ट्राय करतो मी, ट्रान्सफरचं. खरंच सांगतोय."

मी हसले. मला वाटलं तो गंमत करतोय. मग कळलं, करत नव्हता. पण प्रोजेक्ट संपलं, व्हिसाही तेवढ्यापुरताच होता, आणि ख्रिसमसच्या आधी आम्ही विमानात बसलो. काकूंनी दारात माझे दोन्ही गाल हातांत धरले. "फोन करा," म्हणाल्या. "आणि दोघांनी करा."

*

नॉर्फोकमध्ये जे सापडलं होतं ते आमच्याबरोबर आलं नाही. ते का आलं नाही याचा मी इतका विचार केलाय की आता विचार झिजून गेलाय. घरी आलो तर घरात सईसाठी तयार केलेली ती खोली होती, दार लावलेली. मराठी मंडळाच्या संक्रांतीला शाळेच्या कॅफेटेरियात एक मावशी तिळगूळ देत म्हणाल्या, "इंग्लंड झालं फिरून? आता गुड न्यूज द्या." त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या मागे लहान मुलं इंग्रजीत ओरडत पळत होती. अमेयने तिळगूळ घेतला, वाकून नमस्कार केला, आणि पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता बसून राहिला.

पुढे दोनदा आशा लागली. दोन्ही वेळा लवकरच गेली. त्यानंतर मी म्हटलं, आता नाही. अमेय म्हणाला, थोडं थांबू, मग दत्तक घेऊ, कुणीतरी आपली वाट बघत असेल. तो बरोबर होता. मीही चूक नव्हते. अमेयला मूल हवं होतं. मला सई हवी होती. त्या दोन गोष्टींमध्ये मैलभर खाजण होतं, आणि त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच वाट दिसली नाही.

आम्ही भांडलो नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं माझी बहीण म्हणते. त्याने न्यू जर्सीत पार्सिपनीला नोकरी घेतली. सामान भरून झाल्यावर तो रिकाम्या गॅरेजमध्ये उभा राहून म्हणाला, "तिथेच राहिलो असतो तर, मुक्ता?"

"तिथेही मार्च आला असता," मी म्हटलं. "सील निघून गेले असते."

तो हो म्हणाला. मग आम्ही एकमेकांना धरून उभे राहिलो, ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवेपर्यंत.

सुमनकाकू दोघांनाही फोन करायच्या, वेगवेगळा. एकाचं दुसऱ्याला सांगायच्या नाहीत. गीज आले, बीट निघाले, या वर्षी सील पुष्कळ आलेत, असंच सांगायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या भाचीचा फोन मला आला आणि मी अमेयला केला. तो म्हणाला, "आता ते नाव माहीत असलेले आपण दोघंच."

त्याने दुसरं लग्न केलं, तेही मला आधी सांगून केलं. या सप्टेंबरात त्यांना मुलगी झाली. त्याने मेसेज केला होता, मी अभिनंदन लिहिलं होतं. मनापासून लिहिलं होतं. लिहून झाल्यावर मी बाहेर जाऊन उगाच पानं गोळा करत बसले, अंगणात काही उरलं नाही तोवर.

दर नोव्हेंबरात तो एकदा फोन करतो. कारण सांगत नाही, मीही विचारत नाही. गेल्या रविवारी सकाळी आला.

"थंडी पडली का?"

"तळ्याला कडेने बर्फ धरलाय. तिकडे?"

"इकडे नुसता पाऊस." मग त्याने विचारलं, "बरी आहेस ना?"

"आहे. तू झोपतोस का?"

"कुठली झोप," तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या मागे कुठेतरी बाळ रडायला लागलं. बारीक, तुटक, मग एकदम भरून आलेला आवाज. अमेय बोलायचा थांबला. "सॉरी, मुक्ता. सॉरी. एक मिनिट, मी दुसऱ्या खोलीत जातो." दार लागल्याचा आवाज आला. रडणं दबलं, पण थांबलं नाही. "हां, बोल."

"घरात कुणी नाही?"

"आहे, ती शॉवर घेतेय. बाळ झोपेल आपोआप. तू बोल ना."

"अमेय, जा. उचल तिला."

"अगं, पण तू…"

"मी आहे इथे. जा आधी."

त्याने फोन कुठेतरी ठेवला. बंद करायचं त्याच्या लक्षात आलं नसावं. पावलं ऐकू आली, दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि रडणं पुन्हा मोठं झालं. मग त्याचा आवाज आला. तो काय म्हणत होता ते शब्द कळत नव्हते. हळू, खालच्या पट्टीत, एकसारखं काहीतरी म्हणत होता, मराठीत. त्याचे सगळे आवाज मला ठाऊक आहेत, असं मी समजत होते. हा मी ऐकला नव्हता. रडणं अडखळलं, हुंदक्यांवर आलं, आणि हळूहळू विझलं. त्यानंतरही पुष्कळ वेळ मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते.